पहारेकरी की संशयित?

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचे पहिले बळी ताजमध्ये नव्हे, समुद्रात पडले: ‘कुबेर’ बोटीचा तांडेल आणि चार खलाशी. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरलेल्या अतिरेक्यांना पहिल्यांदा हटकले तेही कोळ्यांनीच!

मग संशय कुणावर? त्याच दर्यावर्दी कष्टकऱ्यांवर. बर्फ-डिझेल भरून निघताना कागद दाखवा, भर समुद्रात पुन्हा दाखवा. तपासणीला आमचा विरोध नाही. पण साहेबाने ‘ए, तू’ म्हणायचे आणि पांढऱ्या केसांच्या तांडेलाने हात जोडायचे, ही सुरक्षा नव्हे, जुनीच उतरंड आहे.

२६ नोव्हेंबर संविधान दिनही आहे. उद्देशिकेत राष्ट्राच्या एकतेआधी व्यक्तीची प्रतिष्ठा येते. आम्हाला तोच क्रम किनाऱ्यावर हवा.

जय भीम!