खिडकी हवी की स्टेशन?

मुंबईत इंटरव्ह्यू किंवा परीक्षा असली की आपण आधी काय करतो? बुकिंग अ‍ॅप उघडून फोटो बघतो. खिडकीबाहेर उंच टॉवर्स, रात्रीचे दिवे, जमलंच तर समुद्राची रेघ. एकदम भारी! मैत्रीण आणि मी हेच बघून अकराव्या मजल्यावरची रूम घेतली. वर लिहिलं होतं, ‘स्टेशन दहा मिनिटांवर’. ती दहा मिनिटं रिक्षाची होती, तीही रस्ता रिकामा असेल तर! सकाळी साडेआठला रिक्षा मिळेना आणि मिळाली ती हलेना. इंटरव्ह्यूला पोचले पंचवीस मिनिटं उशिरा. व्ह्यू कसा होता, हे तिथे कुणीच विचारलं नाही.

म्हणून माझं सरळ मत आहे, जास्तीचे पैसे मोजायचेच तर ते स्टेशनजवळ राहण्यासाठी मोजा.

बुकिंगआधी मॅपवर चालत जायचं अंतर बघा. हॉटेल स्टेशनच्या ईस्टला आहे की वेस्टला, तेही बघा. बॅग घेऊन गर्दीचा पूल ओलांडणं सोपं नसतं. सेंटर कुठल्या लाइनवर आहे? सेंट्रल आणि हार्बरवर रविवारी बहुधा मेगाब्लॉक असतो आणि आपल्या कितीतरी परीक्षा नेमक्या रविवारीच! बीकेसीत काम असेल तर मेट्रो-३ उपयोगी पडते. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावतेय, विमानतळ आणि सीएसएमटीही त्याच मार्गावर. आणि मुलींनो, रात्री परतताना स्टेशन ते हॉटेल हा रस्ता कसा आहे, याचं उत्तर फोटोत मिळत नाही. रिव्ह्यू वाचा, ओळखीच्या कुणाला तरी विचारा.

‘पण पहिल्यांदाच मुंबईत जातोय, व्ह्यू नको का?’ हवाच की! फक्त तो रूमच्या भाड्यात कशाला शोधायचा? काम संपलं की चर्चगेटला उतरा, थोडं चाला आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा. अंधार पडला की दिव्यांची अख्खी माळ समोर. मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कातून तीच माळ वरून दिसते.

आम्हीही त्या संध्याकाळी शेवटी कट्ट्यावरच जाऊन बसलो. अकराव्या मजल्यावरची खिडकी? ती तर उघडतही नव्हती.