हॉटेलच्या आधी इमिग्रेशनची खिडकी बघा

आंतरराष्ट्रीय परिषद कुठे घ्यायची हे ठरवताना साधारण काय बघतात? सभागृह केवढं, हॉटेलचे दर काय, थेट विमान आहे का, यजमान संस्था किती पैसे घालणार. बोलावलेल्यांपैकी कोणाला दारातूनच परत पाठवलं जाईल हा प्रश्न शेवटी येतो, तोही आगाऊ रक्कम भरून झाल्यावर. माझ्या मते तो पहिला हवा.

सध्या चर्चा अमेरिकेची आहे, आणि ती उगाच नाही. जून २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने १२ देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, आणखी ७ देशांवर अंशतः निर्बंध घातले. त्याआधी मार्चमध्ये परिषदेला निघालेल्या एका फ्रेंच शास्त्रज्ञाला अमेरिकेने परत पाठवलं. फोनमध्ये ट्रम्प यांच्या संशोधन धोरणावरची मतं सापडली म्हणून, असं फ्रान्सच्या मंत्र्यांनी सांगितलं. अमेरिकेने ते कारण नाकारलं.

पण हे दुखणं जुनं आहे. १९८७ मध्ये अमेरिकेने एचआयव्हीबाधित परदेशी लोकांना प्रवेश बंद केला. एप्रिल १९८९ मध्ये हान्स पॉल व्हेरहूफ हा डच कार्यकर्ता सॅन फ्रान्सिस्कोच्या एका आरोग्य परिषदेला निघाला होता. मिनियापोलिसच्या विमानतळावर त्याच्या सामानात एझेडटीच्या गोळ्या सापडल्या आणि त्याला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. तेव्हा बॅगेतली औषधं, आता खिशातला फोन.

गंमत बघा, एड्सवरच्या परिषदेला एड्सचे रुग्णच येऊ शकत नव्हते! १९९० च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेवर अनेक संस्थांनी बहिष्कार टाकला. १९९२ ची परिषद बोस्टनला ठरली होती, ती आयोजकांनी उचलून ॲमस्टरडॅमला नेली. बंदी उठली जानेवारी २०१० मध्ये, आणि २०१२ मध्ये परिषद वॉशिंग्टनला परतली. मधली २२ वर्षं ती अमेरिकेत झालीच नाही. ठिकाण बदलून काय होतं, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बंदी काही एकट्या परिषदेमुळे उठली नाही, पण बंदीची लाज जगासमोर राहिली.

मग अमेरिका सोडून 'चांगल्या' देशात गेलं की झालं? तसंही नाही. हीच परिषद २०२२ मध्ये माँट्रियलला झाली, तेव्हा आफ्रिकेतल्या कितीतरी प्रतिनिधींना कॅनडाने व्हिसा नाकारला किंवा वेळेत दिला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या प्रमुख विनी ब्यानयिमा यांनाही जिनिव्हात विमानात चढताना अडचण आली. एवढ्या मोठ्या पदावरच्या बाईंची ही गत, तर युगांडाच्या खेड्यातल्या नर्सचं काय?

आणि आपण? फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर दिल्लीच्या नेमबाजी विश्वचषकासाठी पाकिस्तानी नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. त्या वेळचा संताप मला समजतो, मीही तेव्हा त्याच मनःस्थितीत होतो. पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्या प्रकारातली ऑलिंपिक पात्रता काढून घेतली आणि पुढच्या स्पर्धांबाबत भारताशी बोलणी थांबवली. सरकारने लेखी हमी दिल्यावरच गाडी पुढे सरकली. त्याच समितीचं अधिवेशन २०२३ मध्ये मुंबईत झालं. मार्च २०२२ मध्ये तर ब्रिटनमधले मानववंशशास्त्रज्ञ फिलिपो ओसेला यांना परिषदेसाठी आले असताना तिरुवनंतपुरमच्या विमानतळावरूनच परत पाठवलं.

इथे एक फरक आयोजक विसरतात. घरी बसून व्हिसा नाकारला जाणं म्हणजे पैसे आणि उमेद जाणं. व्हिसा हातात असताना विमानतळावर अडवलं जाणं ही वेगळीच गोष्ट, कारण शेवटचा निर्णय खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याचा. फोन तपासणी, कोठडी, पासपोर्टवर कायमचा डाग. हा धोका आयोजक पत्करत नाहीत, येणारा पत्करतो. म्हणून 'बघू, होईल काहीतरी' हे म्हणायचा अधिकार आयोजकांना नाही. यजमान सरकारची लेखी हमी आधी मागा, हॉटेलच्या करारात ठिकाण बदलायची सोय ठेवा, आणि किती जणांना प्रवेश नाकारला तो आकडा जाहीर करा. 'ऑनलाइन या की' हे उत्तर मला पटत नाही. खरी ओळख आणि पुढचं काम चहाच्या वेळी ठरतं, स्क्रीनवर नाही.

दुसरी बाजूही आहे. परिषद अमेरिकेबाहेर युरोपात नेली, तर अमेरिकेत शिकणारी आपली मुलं अडकतात. पुण्या-नागपूरच्या ज्या मुलाच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलीय, तो तिथे राहून शिकू शकतो. पण युरोपात पेपर वाचायला गेला तर परतताना नवा शिक्का लागणार, आणि तो मिळेलच याची खात्री कोण देणार? तो गप्प बसतो, नाव मागे घेतो. नाकारलेल्यांच्या यादीतही त्याचं नाव येत नाही.