वाकडं कोण, चित्र की काळ?

"हात वाकडे, तोंडं हिरवी. याला चित्र म्हणायचं? आमचं पोरगंही काढेल." एक्स्प्रेशनिस्ट चित्र शेअर केलं की ही कमेंट ठरलेली.

अहो, त्यांना सरळ माणूस काढता येत होता! ओटो डिक्स पहिल्या महायुद्धात मशीनगनवर होता. १९२० साली त्याने लाकडी पायांचे, जबडा उडालेले माजी सैनिक रंगवले. चेहरे बिघडवले तोफगोळ्यांनी. डिक्सने फक्त ते झाकले नाहीत. किर्शनरने १९१५ मध्ये स्वतःला गणवेशात रंगवलं, उजवा हात तुटलेला. खरा हात शाबूत होता, आतून माणूस मोडला होता.

१९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला सुमारे ६५० कलाकृती 'विकृत कला' म्हणून टिंगलीसाठी टांगल्या. त्यात डिक्सचं ते चित्रही होतं. आदल्याच दिवशी त्याच शहरात सरकारमान्य, पिळदार, निरोगी देहांचं प्रदर्शन उघडलं होतं. त्या सुबक चित्रांच्या आश्रयदात्यांनी पुढे माणसांचं काय केलं, ते वेगळं सांगायला नको. किर्शनरने १९३८ मध्ये स्वतःला संपवलं.

नाही आवडलं चित्र? खुशाल म्हणा, तो तुमचा हक्क. पण 'विकृत आहे, काढून टाका' असं लिहिण्याआधी एवढं विचारा: या माणसाला वाकडं नेमकं कुणी केलं?