बिल्किस पडद्यावर चालते, मोहल्ल्यात का नाही?

२०१४ साली 'बॉबी जासूस' हा चित्रपट आला. हैदराबादच्या जुन्या शहरातली बिल्किस नावाची मुस्लिम तरुणी वेषांतर करून माणसे हुडकत फिरते, बापाची बोलणी खाते, पण जासुसी सोडत नाही. विद्या बालनने ती भूमिका केली. टीव्हीवर तो लागला तेव्हा आमच्या घरातल्या थोरामोठ्यांनी मोठ्या कौतुकाने पाहिला. पुढे जमातीच्या एका बैठकीत त्याच थोरामोठ्यांपैकी दोघांनी कानाला हात लावून म्हटले, ''बाई आणि जासूस? तोबा!'' मी त्या बैठकीत होतो आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची थोडी तरी भरपाई व्हावी म्हणून हे लिहितो आहे.

प्रकरण असे. कोकणातल्या आमच्या गावातल्या एका बाईचा नवरा आखातात नोकरीला गेला. दोन वर्षे पैसे आले, फोन आले. मग दोन्ही बंद. अशी पाच वर्षे गेली. सासरचे म्हणाले, सबर कर. जमात म्हणाली, दुआ कर. पोलिसांनी 'मिसिंग' नोंदवली आणि माणूस परदेशात म्हणून कागद बाजूला ठेवला. अखेर तिच्या भावाने मुंबईहून एक खासगी गुप्तहेर बाई आणल्या. त्या चार घरांत जाऊन आल्या आणि गावात बैठक भरली. आक्षेप तीन होते. शोध घेणे हे बाईचे काम नाही. दुसऱ्याची टेहळणी करणे इस्लामला मंजूर नाही. आणि गावाची इज्जत चव्हाट्यावर येते.

पहिला आक्षेप घेऊ. बाईचे काम नाही म्हणता, मग आजवर हे काम कोण करीत आले? श्रीनगरच्या परवीना अहंगर यांचा मुलगा १९९० साली बेपत्ता झाला. त्यांनी छावण्या, तुरुंग, कोर्टे पालथी घातली आणि १९९४ साली बेपत्ता झालेल्यांच्या आईबापांची संघटना उभी केली. बदायूंच्या फातिमा नफीस यांचा मुलगा नजीब १५ ऑक्टोबर २०१६ रोजी दिल्लीच्या जेएनयूच्या वसतिगृहातून नाहीसा झाला. ही आई आधी पोलिसांच्या दारात आणि मग हायकोर्टात गेली. २०१७ साली तपास सीबीआयकडे आला, २०१८ साली सीबीआयने हात टेकले आणि ३० जून २०२५ रोजी दिल्लीच्या कोर्टाने तपास बंद करण्याचा अहवाल स्वीकारला. यंत्रणेने फाइल मिटली. आईने शोध कधी मिटला आहे का? आपल्या मराठी मुलखातही रजनी पंडित यांनी १९९१ साली मुंबईत स्वतःची गुप्तहेर संस्था काढली. तेव्हा बाईला हे जमते की नाही, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो दीनचे नाव घेऊन येतो. सूरह हुजुरातमध्ये 'तजस्सुस'ला, म्हणजे दुसऱ्याचे दोष हुडकत फिरण्याला, मनाई आहे हे खरे. पण सूरह यूसुफ आपण वाचत नाही काय? हजरत याकूब आपल्या मुलांना यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्यायला पाठवतात. तिथे शब्द आहे 'तहस्सुस'. एका अक्षराचा फरक, पण अर्थाचे अंतर जमीन-अस्मानाचे. दोष हुडकणे वेगळे आणि हरवलेला माणूस हुडकणे वेगळे. आणि सूरह कससमध्ये तान्ह्या मूसाचा माग काढायला आई कोणाला पाठवते? त्याच्या बहिणीला. ती मुलगी लांबून, कुणाला पत्ता लागू न देता, पाळत ठेवते आणि युक्तीने बाळाला पुन्हा आईच्या कुशीत आणते. मौलवीसाहेबांनी हा किस्सा मिंबरवरून शंभरदा सांगितला असेल. त्या मुलीने जे केले त्याला आजच्या भाषेत काय म्हणतात, ते मात्र त्यांनी कधी सांगितले नाही.

आता इज्जत. लग्न ठरवताना मुलीची चाल, मुलाचा पगार, घराण्यातले आजार, सगळे आपण गुपचूप काढून आणतो. पैसेवाले तर त्यासाठी खासगी गुप्तहेरही लावतात. तेव्हा कुणाची इज्जत जात नाही! ती जाते केवळ एखादी सोडलेली बाई ''माझा नवरा कुठे आहे?'' असे विचारते तेव्हा. याचे कारण त्या गुप्तहेर बाईंनी तीन आठवड्यांत शोधून काढले. नवरा आखातातून केव्हाच परतला होता. मुंब्र्यात त्याचा दुसरा संसार होता आणि ही गोष्ट त्याच्या घरच्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. बाईंना ती कळली ती एका जावेकडून, स्वयंपाकघरात, चुलीशेजारी बसून. तिथवर कुठला हवालदार पोहोचला असता? पुरुष गुप्तहेराला उंबऱ्याच्या आत कुणी घेतले असते? परद्याचा आग्रह धरणाऱ्यांनीच खरे तर बाई गुप्तहेर मागायला हवी होती.

वाचकहो, तो माणूस हरवलाच नव्हता. तो फक्त एका बाईपुरता हरवलेला होता. आणि आपण सगळे मिळून तिला 'सबर' शिकवत होतो.

अशा बाईसाठी शरियत आणि कायदा काय सांगतात, हेही आपण तिला सांगितले नाही. नवरा बेपत्ता असेल तर बाईने चार वर्षे वाट पाहावी, मग इद्दत पाळावी आणि त्यानंतर ती मोकळी, असा निर्णय हजरत उमर यांच्या नावे नोंदलेला आहे आणि मालिकी मजहबने तो घेतला. जुन्या हनफी मतानुसार मात्र नवऱ्याच्या वयाची माणसे संपेपर्यंत तिने थांबायचे! बायकांचे हाल पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या हनफी आलिमाने १९३०च्या दशकात मालिकी मताचा आधार घेतला. त्यातून १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर बाई कोर्टातून फस्ख मागू शकते. दोन वर्षे त्याने पोटगी दिली नसेल तरीही मागू शकते. म्हणजे नवरा सापडला काय आणि न सापडला काय, आमच्या गावातल्या त्या बाईला कायद्याचे दार उघडेच होते. पण कोर्टापुढे पुरावा मांडावा लागतो. तो कोण गोळा करणार? दुआ करायला सांगणारी जमात?

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. या धंद्यात लबाडही आहेत. खासगी गुप्तहेरांवर नियंत्रण आणणारे विधेयक २००७ साली राज्यसभेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थेला २००५च्या कायद्याने परवाना लागतो, गुप्तहेराला लागत नाही. आज कुणीही पाटी लावावी, आगाऊ पैसे घ्यावेत आणि नाहीसे व्हावे. दुसऱ्याच्या फोनचे तपशील चोरून मिळवणे हा तर सरळ गुन्हा आहे. म्हणून परवान्याचा कायदा झालाच पाहिजे. पण कायदा नाही ही सबब पुढे करून बाईला घरात बसवणारे आणि कायदा व्हावा म्हणून कधी एक अर्जही न करणारे, हे एकच लोक आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक जमातीने बेपत्ता माणसांची वही ठेवावी आणि त्यात बायकांची तक्रार बायकांनीच लिहावी. परदेशात गेलेल्याच्या पासपोर्टची, मालकाच्या पत्त्याची प्रत बायकोच्या हाती असल्याखेरीज निरोपाची मेजवानी जेवू नये. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार कशी करायची, हे मदरशातल्या मुलींनाही शिकवावे. आणि आपल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने गुप्तहेर व्हायचे ठरवले, तर तिचे लग्न कसे होईल ही काळजी आधी करू नये.

बैठकीत मी हे बोललो नाही. ती बाई दाराआड उभी राहून ऐकत होती, हे मला नंतर कळले. पाच वर्षे तिचा नवरा गप्प होता. त्या संध्याकाळी तिने आम्हा सगळ्यांना गप्प पाहिले.