न उचललेला कॉल

अनोळखी लिंक उघडायची नाही, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे आता घरोघरी आजी-आजोबांनाही पाठ झालं आहे. पण आपण यातलं काहीच केलं नाही आणि तरीही कुणी फोनमध्ये शिरलं तर?

२०१९ मध्ये नेमकं हेच घडलं. व्हॉट्सॲपवर कॉल यायचा. तो उचलायचीही गरज नव्हती! त्या कॉलसोबत मुद्दाम बिघडवलेली माहिती पाठवली जायची. फोनने तिच्यासाठी मेमरीत जेवढी जागा राखलेली असते, तिच्यात ती मावायची नाही. मग ती शेजारच्या जागेत सांडायची, आणि फोन तिलाच हुकूम समजून पाळायला लागायचा. अशा रीतीने पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आत शिरायचं. मेसेज, कॅमेरा, माइक, सगळं त्याच्या ताब्यात. कधी कधी तर कॉलची नोंदही पुसली जायची. जगभरातल्या सुमारे १,४०० जणांवर हा हल्ला झाला. त्यात भारतातले पत्रकार, वकील आणि कार्यकर्तेही होते. बिचाऱ्यांची चूक काय, तर फोन चालू होता!

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाच ठाऊक नसलेल्या अशा फटीला ‘झीरो-डे’ म्हणतात. म्हणजे दुरुस्तीसाठी कंपनीला एकही दिवस मिळालेला नसतो. व्हॉट्सॲपने मे २०१९ मध्ये ही फट बुजवली आणि पेगासस बनवणाऱ्या इस्रायलच्या एनएसओ ग्रुपला अमेरिकेतल्या न्यायालयात खेचलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरलं.

“आमच्या फोनमध्ये कुणाला काय सापडणार?” असं तुम्ही म्हणाल. अर्धं खरं आहे. गुपित असलेली फट फार महाग असते, ती सहसा तुमच्या-आमच्यावर कुणी वाया घालवत नाही. पण दुरुस्ती बाहेर आली की फट नेमकी कुठे होती हेही कळतं. हल्लेखोर जुनं आणि नवं सॉफ्टवेअर शेजारी ठेवून फरक शोधतात. मग ज्यांनी अपडेट केलेलं नसतं, ते सगळेच स्वस्तात सापडतात.

विंडोजच्या बाबतीत असंच झालं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने विंडोजमधली एक फट स्वतःच्या कामासाठी लपवून ठेवली होती. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती आली मार्च २०१७ मध्ये. एप्रिलमध्ये एनएसएचं ते हत्यार चोरांनी जगासमोर टाकलं आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ सुटला. दुरुस्ती येऊन दोन महिने झाले होते, तरी ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. गुप्तचरांनी फटी अशा दडवून ठेवणं मला तरी पटत नाही.

हे सगळं वाचून मी आईचा फोन हातात घेतला. अपडेटची सूचना कित्येक दिवस तशीच पडून होती. कारण? जागाच नव्हती! ‘शुभ सकाळ’ची फुलं, सूर्योदय आणि चहाचे कप काठोकाठ भरलेले. ते पुसायला तिची परवानगी मिळेपर्यंत अर्धा तास गेला, अपडेट त्यामानाने लवकर झालं. बाबांच्या जुन्या फोनला मात्र कंपनी आता अपडेटच देत नाही. त्यावरचं बँकेचं ॲप काढून टाकलं. आता त्यावर ते फक्त नाट्यगीतं ऐकतात.