पलटणीतून घरी आलेला माणूस आणि चिकूचं कलम

घरातला माणूस फौजेत असला की सगळ्यांना काळजी असते ती सीमेवरची. तो पेन्शन घेऊन सुखरूप परत आला की आपण पेढे वाटतो आणि काळजी संपली असं समजतो. पण काही घरांत खरी कसोटी त्यानंतरच सुरू होते.

डहाणू-तलासरीसारख्या भागात तर हे दुःख लवकर ओठांवर येत नाही. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. ‘हे रात्र रात्र जागे असतात’, ‘लग्नाच्या वरातीत फटाका वाजला की घाम फुटतो’, ‘मुलांवर एकदम ओरडतात, मग दिवसभर गप्प’, हे बाई सांगणार कुणाला? सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी असेल, शेजारीण म्हणते पैशाचा माज. बाईनं मात्र दोन्हीकडे हसून वेळ मारून न्यायची.

आधी एवढं लक्षात घ्या, की यात लाजण्यासारखं काही नाही. साधा शिपाई पुष्कळदा चाळिशीच्या आतच निवृत्त होतो. वर्षानुवर्षं बिगुलावर उठलेला, हुकमानं चाललेला, सोबत्यांच्या मेळ्यात राहिलेला माणूस एका दिवसात घरच्या खुर्चीत येऊन बसतो. त्यातून कुणी डोळ्यांदेखत सोबती गमावलेला असतो. शरीर घरी येतं, पण कान अजून पहाऱ्यावरच असतात. हा मनाचा आजार आहे, त्याला नाव आहे आणि उपचारही आहेत.

या उपचारांना जोड म्हणून आपल्या दारातलीच एक गोष्ट फार उपयोगी पडते. ती म्हणजे माती, झाडं आणि मोकळी हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या सैनिकी रुग्णालयांत बागकामाचा असाच उपयोग केला गेला. आपल्याकडे १९८२ साली मसुरीच्या खाणींनी उजाड झालेल्या डोंगरांवर झाडं लावायला प्रादेशिक सेनेची पलटण उभी राहिली, तीत माजी सैनिकच होते. २०१७ साली मराठवाड्यासाठीही औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, अशी पलटण निघाली. त्या पलटणी काही मनाच्या उपचारासाठी काढलेल्या नव्हेत. पण निवृत्त जवानाला पुन्हा काम, सोबती आणि डोळ्यांसमोर वाढणारं काहीतरी मिळालं, हे काही थोडं नाही.

डहाणू तालुका केंद्र सरकारनं १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला आणि तिथल्या कारखानदारीवर बंधनं घातली. किनाऱ्याला सुरूची झाडं, आत चिकूच्या वाड्या, तलासरीकडे भातशेती आणि डोंगर. घोलवडच्या चिकूला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हे वैभव नुसतं पाहुण्यांना दाखवायचं नाही, घरच्या माणसासाठी वापरायचं.

आता काय करायचं ते सांगते.

सकाळी उजाडल्यावर अर्धा तास दोघांनी चालायला जा. समुद्र जवळ असेल तर वाळूवरून, नाहीतर बांधावरून. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप वेळेवर यायला मदत होते. चालताना ‘तिथं काय झालं होतं हो?’ असं खोदून विचारू नका. शेजारी चालणाऱ्या माणसाशी बोलणं समोर बसलेल्यापेक्षा सोपं जातं. त्यांना वाटेल तेव्हा तेच बोलतील.

दुसरं, एक काम पूर्णपणे त्यांच्या हाती द्या. जागा असेल तर चिकूचं एकच कलम लावा. उन्हाळ्यात खड्डा खणून तापू द्यावा, शेणखत-माती भरावी आणि पाऊस सुरू झाला की कलम लावावं. वाऱ्यानं हलू नये म्हणून काठीचा आधार द्या. चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधलेलं असतं. जोडाच्या खालून फुटवे आले की काढून टाकावेत, नाहीतर खिरणीच वाढायची. फळाला काही वर्षं लागतात, पण पाणी रोज-दोन रोजांनी घालावंच लागतं, आणि सकाळी उठायला तेवढं कारण पुरतं. जागा नसेल तर मांडवावर दोडका-कारली, थंडीत वाल-मेथी, तेही नसेल तर डब्यांत मिरची लावा. कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं सल्ला विचारायला त्यांनाच पाठवा. मात्र ‘असं नको, तसं करा’ म्हणून त्यांच्या मागे लागू नका. एखादं रोप मेलं तर मेलं.

तिसरं, झोपेत ओरडले तर हलवून उठवू नका. दिवा लावून, जरा लांबून नावानं किंवा नेहमीच्या हाकेनं जागं करा. दिवाळीत, लग्नसराईत फटाक्यांची वेळ आधी सांगून ठेवा. कँटीनची रम किंवा ताडी झोपेचं औषध म्हणून नकोच, त्यानं झोप आणखी मोडते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर ती धोक्याचीच.

आणि हे नीट वाचा. बागेनं सगळं भागत नाही. जगण्यात अर्थ नाही असं ते बोलू लागले, वस्तू वाटून टाकू लागले, मारहाण होऊ लागली, तर वाट बघत बसू नका. फवारणीचं औषध, झोपेच्या गोळ्या, सारं घराबाहेर विश्वासू माणसाकडे कुलपात ठेवा आणि परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. त्या वेळी त्यांना एकटं सोडू नका. मारहाणीच्या वेळी मात्र आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा.

१४४१६ हा टेलि-मानसचा फोन दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही चालतो. १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्षही सुरू झाला. निवृत्त सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड घरात असेल तर ते शोधून हाताशी ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बायकोनंही चौकशी करायला काहीच हरकत नाही.

शेवटी तुमच्यासाठी. सगळं घर तुम्हीच पेलता आहात. आठवड्यातून एक दुपार माहेरी, मैत्रिणीकडे किंवा महिला मंडळात घालवा, आणि निदान एका माणसाला तरी खरं काय ते सांगा. पाणी झाडाला जसं लागतं, तसं ते घालणारीलाही लागतं.