फितूर आणि कंठमणी

मराठी वाङ्मयात लढणाऱ्याला मानाचे पान आहे. वाटाघाट करणाऱ्याला मात्र उंबऱ्याबाहेरच ताटकळावे लागते. राजकारणी पुरुषांसाठी आमच्यापाशी दोनच साचे आहेत. जो तडजोड करतो तो फितूर, आणि जो राजीनामा देऊन बाहेर पडतो तो कंठमणी. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील आमची बहुतेक चरित्रे, गौरवग्रंथ आणि मृत्युलेख ह्या दोन साच्यांतून काढलेले दिसतात. हेच साचे आम्ही विद्यार्थ्यांच्या हाती देतो आणि त्याला इतिहासाची जाण असे भारदस्त नाव देतो. आमचा आक्षेप ह्या सवयीवर आहे, आणि त्यातून आम्ही स्वतःला वगळत नाही.

साचे कोठे घडले हे पाहायचे तर महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांपलीकडे फारसे जावे लागत नाही. स्वराज्याची राजधानी रायगड महाड तालुक्यात आहे. महाडहून गडाकडे निघाले की वाटेत नाते हे गाव लागते. तेथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की साताऱ्याच्या हद्दीत प्रतापगड उभा. आणि महाड शहरात चवदार तळे. फितूर, कंठमणी, आणि ज्याला ह्या दोहोंपैकी कोणतेच नाव देता येत नाही असा तिसरा पुरुष, तिघांच्याही कथा एवढ्या परिघात मावतात.

फितुराची कथा सर्वांना पाठ आहे. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या झाली, झुल्फिकारखानाचा वेढा रायगडास पडला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गड मोगलांच्या हाती गेला. वाईच्या देशमुखीसाठी सूर्याजी पिसाळाने फितुरी केली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या फितुरीचा पुरावा किती पक्का, ह्यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण नाव मात्र शिवी होऊन बसले, आणि पावणेतीनशे वर्षांनी ती शिवी यशवंतराव चव्हाणांच्या वाट्याला आली.

प्रसंग असा. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मुंबईचे द्वैभाषिक राज्य सुचविले. पुढे काँग्रेसश्रेष्ठींनी मुंबई शहर वेगळे काढण्याचा घाट घातला. १९५५ च्या डिसेंबरात फलटणला यशवंतरावांनी सांगून टाकले की, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू ह्यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू. झाले, पिसाळाचा पुनर्जन्म झाला. १९५६ च्या जानेवारीत नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. मुंबईत गोळीबार झाला, माणसे मेली. नात्याचे चिंतामणराव तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते आणि १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले होते. १९५६ च्या जुलैत ते मंत्रिमंडळाबाहेर पडले आणि महाराष्ट्राचे कंठमणी झाले.

आता आमचा पहिला प्रश्न. चिंतामणरावांनी लोकसभेत नेमके काय सांगितले, हे त्यांना कंठमणी म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचले आहे? महाराष्ट्राविषयी आकस असल्याचा आरोप त्यांनी नेहरूंवर केला, एवढेच आमच्या स्मरणात उरले. पण त्या निवेदनाचा कणा वेगळाच होता. मुंबईसारख्या प्रश्नावरील निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर होतो, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही होत नाही, ही त्यांची तक्रार होती. संविधान लागू होऊन सहा वर्षे झाली होती. प्रजासत्ताकात निर्णय कोणी आणि कसा घ्यावयाचा, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर राहिलेला एक शिस्तीचा माणूस पंतप्रधानांना विचारीत होता. आम्ही त्या प्रश्नाला अस्मितेचा फेटा बांधला आणि मिरवणूक काढली. प्रश्न मागे पडला.

दुसऱ्या एका तरुण प्रजासत्ताकाशी तुलना करून पाहू. १७९० च्या जूनमध्ये न्यूयॉर्क येथे टॉमस जेफर्सनच्या घरी एक भोजन झाले. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जेम्स मॅडिसन पाहुणे होते. राज्यांची युद्धकर्जे केंद्राने आपल्या शिरावर घ्यावीत असे हॅमिल्टनला हवे होते. मॅडिसनचा त्याला विरोध होता. राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी व्हावी ही व्हर्जिनियाकरांची इच्छा होती. कर्जाच्या बदल्यात राजधानी, असा सौदा ठरला. हे जेफर्सननेच पुढे लिहून ठेवले, आणि आपण त्यात फसलो अशी हळहळही नोंदविली. ते एक भोजन कितपत निर्णायक होते, ह्यावर तेथील इतिहासकार आजही वाद घालतात. पण सौदा झाला हे कोणी झाकीत नाही, आणि त्यापायी तिघांपैकी कोणाला पिसाळ ठरवून मोकळेही होत नाही.

आमच्याकडचा हिशेबही राजधानीचा आणि पैशाचाच होता. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, तेव्हा गुजरातची नवी राजधानी आणि सुरुवातीच्या वर्षांतील तूट ह्यांसाठी महाराष्ट्राने रक्कम द्यावयाची ठरली होती. डांग गुजरातेत गेले, उंबरगावचा बहुतेक भाग गेला. बेळगाव, कारवार, निपाणी तर १९५६ मध्येच म्हैसूर राज्यात गेली होती. हा सौदा कोणी, कोठे, कोणाशी बोलून केला? त्याचे भोजन कोणाच्या घरी झाले? ह्याचे वाङ्मय आमच्याकडे जवळजवळ नाही, आणि ते का नाही हे पाहण्यासारखे आहे. यशवंतरावांनी आत्मचरित्राचे तीन खंड योजिले होते. त्यांपैकी ‘कृष्णाकाठ’ तेवढा हातून झाला आणि तो १९४६ पाशी थांबतो. मुंबईचा ‘सागरतीर’ आणि दिल्लीचा ‘यमुनाकाठ’ लिहायचे राहून गेले; १९८४ मध्ये ते वारले. चिंतामणरावांनी आत्मचरित्र लिहिले, पण इंग्रजीत. मेघदूत मराठीत आणणारा, संस्कृतात काव्यरचना करणारा हा माणूस स्वतःच्या आयुष्यातील सर्वांत मोठे भांडण मराठीत सांगत नाही! मराठीत भरभरून लिहिले ते आचार्य अत्र्यांनी. त्यांच्या शब्दकळेपुढे आम्ही आजही हात जोडतो. पण अत्रे हे भांडणातील एक पक्ष होते. एका पक्षाचे अग्रलेख हाच जेथे संदर्भग्रंथ होतो, तेथे दुसरा पक्ष फितूर ठरणारच.

ह्यावर कोणी म्हणेल की, तुम्ही तडजोडवाद्यांचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. तडजोड म्हणजे शहाणपण, असा जो नवा सूर अलीकडच्या राजकीय चरित्रांतून ऐकू येतो, तोही आम्हांस तितकाच अमान्य आहे. तो साचा जुन्या साच्याची निव्वळ उलटी बाजू आहे. अमेरिकेच्या संविधानकर्त्यांनी १७८७ मध्ये प्रतिनिधित्वासाठी गुलामांची गणना तीनपंचमांश धरण्याची तडजोड केली. दोन्ही पक्ष समाधानाने उठले, आणि ज्यांची गणना झाली ते त्या खोलीत नव्हतेच. म्हणून तडजोड वाचताना दोन गोष्टी विचाराव्यात : ती कोणासमोर झाली, आणि तिची किंमत कोणी मोजली? मराठीत हा हिशेब ठेवला तो विद्वानांनी नव्हे, शाहिराने. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ विरहाची लावणी म्हणून शिकविली जाते. पण त्या विरहाच्या जोडीने सुटलेल्या मुलखांची नावे त्यांनी एकेक करून घेतली आहेत. ती यादी नीट समजावून दिल्यावाचून लावणी शिकविली असे होत नाही.

आता तो तिसरा पुरुष. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला, आणि १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह तेथील पाणी घेतल्यावर त्याच नगरपालिकेने ऑगस्टात तो फिरविला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास पुन्हा परिषद भरली. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले; ते चित्र सर्वांना ठाऊक आहे. पुढे काय झाले? तळ्यावर जाण्यास दिवाणी न्यायालयाची मनाई होती. जमलेल्या हजारोंची तुरुंगात जाण्याची तयारी होती. कलेक्टर परिषदेपुढे येऊन बोलले. सत्याग्रहाच्या बाजूनेही भाषणे झाली. अखेर आंबेडकरांनी लोकांचे मन वळवून सत्याग्रह तहकूब करविला आणि पाण्याला हात न लावता शहरातून मिरवणूक निघाली. खटला १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला गेला.

ही तडजोड नव्हे तर काय? पण ती मांडवात झाली, ज्यांना तिची झळ पोचणार होती त्यांच्यासमोर झाली, आणि त्यांच्या रागाला उत्तर देऊन झाली. आम्ही मात्र दहनाची ज्वाळा शिकवितो आणि तहकुबीचा दिवस गाळतो, कारण तो साच्यात बसत नाही. १९५५ च्या अखेरीस हेच आंबेडकर मुंबई हे स्वतंत्र नगरराज्य आणि उरलेल्या महाराष्ट्राची तीन राज्ये करावीत असे लिहितात, तेव्हाही आमची तीच पंचाईत होते. फितूर म्हणण्याची छाती नाही, कंठमणी म्हणता येत नाही. मग पान उलटायचे.

पोलादपूरच्या डोक्यावरचा प्रतापगडही असाच अर्धा वाचला जातो. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू तेथे शिवपुतळ्याच्या अनावरणास आले आणि समितीने प्रचंड निदर्शने केली. ती शांततेत पार पडली. समितीला लोक आवरावे लागले, सरकारला पोलीस. एकमेकांचे वैरी म्हणविणाऱ्या दोन बाजूंनी त्या दिवशी एकमेकांवर जो विश्वास टाकला, तो आम्हांस त्या आंदोलनातील सर्वांत मोठा क्षण वाटतो. चिंतामणरावांनी राजीनामा दिला नसता, रस्त्यावर लोक उतरले नसते, तर यशवंतरावांच्या हाती दिल्लीशी बोलायला काय होते? आणि यशवंतराव तेथे बोलत राहिले नसते, तर राजीनामा एक सुंदर भाषण होऊन राहिला असता. दोघांना एकाच पानावर बसविल्याशिवाय १९६० चा अर्थ लागत नाही.

शेवटी पुन्हा रायगडावर जाऊ. १६८९ च्या त्याच वेढ्यापूर्वी, येसूबाईंच्या संमतीने, त्यांच्या बालपुत्राचा हक्क बाजूस ठेवून राजारामांस मंचकारोहण झाले. एप्रिलमध्ये राजाराम गडाबाहेर पडून प्रतापगडाकडे गेले. येसूबाई मुलासह मागे राहिल्या, कैद झाल्या आणि १७१९ पर्यंत सुटल्या नाहीत. राज्य तगले ते त्या तडजोडीवर, आणि तिची किंमत ती करणाऱ्या बाईने स्वतः तीस वर्षे मोजली. त्याच गडाच्या त्याच वर्षातून आम्ही शिवी म्हणून सूर्याजीचे नाव उचलले आणि भाषेत रुजविले. येसूबाईंच्या निर्णयासाठी मराठीत एक शब्दही घडविला नाही. इतिहासाने आम्हांस दोघेही दिले होते. निवड आम्ही केली, आणि ती आम्ही अजून वर्गावर्गातून करीत आहोत.